खडकीची वॉर सिमेट्री कशी उभी राहिली, आणि तिथे तुमच्या पणजोबांचं नाव का नाही

प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा ११० नंबरच्या मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत. घरच्यांनी खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन सगळ्या रांगा पाहिल्या, नाव सापडलं नाही. ते तिथे का नाही, ती सिमेट्री नेमकी कुणाची, आणि खडकीत अशी कोणती लढाई झाली होती?

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, पेशवे आणि इंग्रजांमधली. या सिमेट्रीचा तिच्याशी काही संबंध नाही. महायुद्धांत खडकीत लढाई झालीच नाही. इथे पुरलेले लोक खडकीच्या मैदानावर पडलेले नाहीत, आणि पुष्कळ जण तर मेल्यावरही आधी खडकीत पुरलेले नव्हते. ते नंतर आणले गेले. का आणले गेले, हे कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

सैनिकी कबरस्तानांच्या कागदांत एक शब्दप्रयोग सारखा येतो: कायमच्या देखभालीची हमी. खडकीची सिमेट्री दुसऱ्या महायुद्धातल्या त्या कबरींसाठी केली गेली, ज्यांच्या देखभालीची पश्चिम आणि मध्य भारतात हमी देता येत नव्हती. म्हणजे कबर शेवटी कुठे असणार हे माणूस कुठे मेला यावर ठरलं नाही. तिथलं गवत पुढची शंभर वर्षं कोण कापणार, यावर ठरलं.

ही हमीची भाषा आली कुठून? १९१४ साली फेबियन वेअर नावाचा माणूस वयामुळे सैन्यात जाऊ शकला नाही, म्हणून रेड क्रॉसची एक फिरती तुकडी घेऊन फ्रान्सला गेला. सैनिक कुठे पुरले याची नोंद कुणीच ठेवत नाही, हे पाहून त्यानं ती ठेवायला सुरुवात केली. त्यातून २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेनं इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं. १९६० मध्ये नावातलं ‘इंपीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आलं. कमिशन उभं राहण्याआधीच एक मोठा निर्णय झाला होता. १९१५ च्या एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला आणि खास परवानगी काढून त्याचं शव इंग्लंडला आणलं. त्यानंतर अशी शवं नेण्यावर बंदीच आली. श्रीमंताचा मुलगा घरी आणि गरिबाचा परक्या मातीत, हे चालणार नाही, असा त्यामागचा विचार. तेव्हापासून जो जिथे पडला त्याच देशात तो राहिला.

१९१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी कमिशनला अहवाल दिला. आज जगभर या सिमेट्री एकसारख्या दिसतात त्याचं मूळ या अहवालात आहे. प्रत्येक मृताचं नाव कबरीवर किंवा स्मारकावर असावं, खूण कायमची आणि सगळ्यांना एकाच मापाची असावी, हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद नसावा. मेजरशेजारी शिपाई, तेवढ्याच मापाच्या दगडाखाली. मोठ्या सिमेट्रींत दिसणारा उंच क्रूस रेजिनाल्ड ब्लॉमफील्डचा, आणि वेदीसारखी सपाट शिळा एडविन ल्युटेन्सची, म्हणजे ज्यानं आपलं इंडिया गेट बांधलं त्याची. शिळेवर कुठल्याच धर्माचं चिन्ह नाही, हे मुद्दाम.

तत्त्व उत्तम होतं. ते पाळलं किती, याकडे पुढे येतो, कारण तुमचे पणजोबा नेमके तिथेच अडकलेले आहेत.

आता खडकी. महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेले ब्रिटिश सैनिक बहुतेक लढून मेलेले नव्हते. ताप, पटकी, उष्माघात, अपघात, सरावातले स्फोट, आणि आघाडीवरून आणलेले जखमी जे इस्पितळात गेले. ते त्या त्या छावणीच्या किंवा गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरले जात. गोरी पलटण छावणीत होती, सरकारी पगारावरचा पाद्री होता, तोवर या कबरस्तानांकडे कुणी ना कुणी बघत होतं. १९४७ नंतर पलटणी गेल्या, सरकारी पाद्री खातं गुंडाळलं गेलं, आणि देशभर विखुरलेल्या शेकडो जागा एकदम पोरक्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी माळी ठेवणं कमिशनला शक्य नव्हतं. मग कबरी एकत्र करायचं ठरलं. उत्तरेकडच्या दिल्लीत आल्या, तिथली सिमेट्री १९५१ ची. दक्षिण आणि पूर्वेकडच्या मद्रासला. पश्चिम आणि मध्य भारतातल्या खडकीला. इम्फाळ आणि कोहिमाची गोष्ट वेगळी, ती रणभूमीवरचीच कबरस्तानं. कोहिमात तर डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट, जिथे १९४४ मध्ये काही हातांच्या अंतरावरून लढाई चालली होती, तेच सिमेट्रीच्या आत आहे.

खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, बहुतांश ब्रिटिश सैनिकांच्या. मुळा रोडवरून आत गेलं की दिसतात त्या या रांगा. लोक त्या बघतात, फोटो काढतात आणि परततात. पण तिथे आणखी एक गोष्ट आहे: खडकी मेमोरियल. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. त्यांची शवं मात्र, एक मोठा अपवाद सोडता, इथे नाहीत. ती भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या जुन्या गावठाणी आणि छावणीच्या कबरस्तानांत अजून जिथल्या तिथे आहेत. फक्त त्या जागांची निगा राखणं जमेना म्हणून नावं खडकीच्या दगडावर आणली. सिंधूपलीकडच्या एखाद्या छावणीत पुरलेल्या शिपायाचं नाव पुण्यात वाचायला मिळतं ते यामुळे.

अपवाद मुंबईच्या शिवडीचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, जखमी आणि आजारी घेऊन येणारी इस्पितळ-जहाजं मुंबई बंदराला लागत. त्यातले जे वाचले नाहीत त्यातल्या अनेकांच्या नशिबी शिवडीचं कबरस्तान आलं. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथही जूनमध्ये मुंबईतूनच देशात शिरली. मार्च १९६२ मध्ये शिवडीतून ६२९ जणांचे अवशेष उकरून खडकीला आणून पुन्हा पुरले. मेमोरियलवरच्या नावांत ही ६२९ नावं धरलेली आहेत. म्हणजे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी दोन नावं असतील, त्यातल्या एकाची हाडं तिथेच जमिनीखाली आणि दुसऱ्याची हजार मैलांवर. बघणाऱ्याला फरक कळायला वाव नाही.

त्याच मेमोरियलवर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचीही नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आफ्रिकी डिव्हिजन हिंदुस्थानात आल्या होत्या. त्यातले हे लोक आघाडीपासून दूर, इथेच कुठे कुठे मेले आणि त्यांच्या कबरींचा ठावठिकाणा राहिला नाही, किंवा त्यांची निगा राखणं जमेना. खडकीला जाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, रांगा पाहून झाल्या की ही नावं जरूर वाचा. नायजेरिया किंवा केनियाच्या माणसाला पुण्यात येऊन कुणी आठवायचं म्हटलं, तर तेवढी एकच जागा आहे.

तर, या सगळ्यात मराठा पलटणीचा हिंदू शिपाई कुठे बसतो? सरळ उत्तर: बसत नाही. खडकी ही कबरींची आणि कबर हरवलेल्यांची जागा. हिंदू आणि शीख सैनिकांना, जमेल तिथे, दहन दिलं जाई. दहनानंतर कबर नाही आणि कबर नाही म्हणून दगडही नाही. त्यांची नावं दहन-स्मारकांवर किंवा आघाडीच्या मोठ्या स्मारकांवर गेली, आणि ती स्मारकं ज्या त्या देशात आहेत. कोहिमाच्या दहन-स्मारकावर अशी ९१७ नावं आहेत. इटलीत सांग्रो नदीजवळ ५१७, एरिट्रियात केरेनला २८५. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचंही नाव महाराष्ट्रातल्या कुठल्या सिमेट्रीत नाही, इटलीत कॅसिनो मेमोरियलवर आहे.

आता तुमचे पणजोबा. ११० मराठा ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली पलटण. १०३ आणि ११७ मराठाही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या दिशेनं चढत गेली, टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमाराला वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर शरणागती. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यातली फार मोठी संख्या पायपिटीत, रोगांनी आणि उपासमारीनं मेली. घरात ‘बसरा’ म्हणतात तेव्हा त्यात टेसिफोन, कूत, बगदाद आणि त्यापुढचा कैदेचा रस्ता, सगळंच येऊ शकतं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या सगळ्यांचं स्मारक एक, बसरा मेमोरियल. त्यावर ४०,००० हून अधिक जणांची गणना आहे आणि त्यात हिंदी सैनिक बहुसंख्य आहेत. पणजोबांची नोंद तिथली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

नोंद म्हणालो, नाव म्हणालो नाही. १९२९ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली फक्त किती मेले तो आकडा. नावं नोंदवहीत ठेवली. ‘प्रत्येकाचं नाव, वंशाचा भेद नाही’ हे तत्त्व लिहून दहा-अकरा वर्षं झाली होती.

हे अज्ञानातून झालं असं म्हणता येत नाही, कारण त्याच कमिशननं दोनच वर्षं आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समधल्या नव्ह-शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक उघडलं आणि तिथे ४,७०० हून अधिक नावं कोरली, शिपायांसकट. नव्ह-शापेलचं खडकीशी थेट नातंही आहे. २८ ऑक्टोबर १९१४ च्या हल्ल्यात ४७ शीख पलटणीबरोबर खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं पायदळ म्हणून गावात घुसली आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. म्हणजे खडकीच्या छावणीतून निघालेला सॅपर फ्रान्समध्ये पडला आणि हरवला तर त्याचं नाव दगडावर. त्याच छावणीतून निघालेला दुसरा सॅपर मेसोपोटेमियात पडला तर तो एका आकड्यातला एक. फरक माणसात नव्हता. युरोपात बघायला युरोपातले लोक येणार होते, एवढाच काय तो फरक, असं माझं मत आहे.

हे आता कमिशननंही कबूल केलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या खास समितीचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी, आशियाई आणि इतर सैनिकांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं, आणि किमान १,१६,००० जणांचं, कदाचित ३,५०,००० जणांचं, नावानिशी झालंच नाही किंवा अजिबात झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. कमिशननं माफीही मागितली. बसऱ्याचं स्मारक मात्र आज बघण्याजोग्या ठिकाणीही नाही. मूळ ते शत्त-अल-अरब नदीच्या काठी माकिलच्या गोदीत होतं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ते दगड दगड करून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर लांब, वाळवंटात हलवलं गेलं.

शोध कसा घ्यायचा ते आता सांगतो. आधी घर तपासा. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हा नंबर मिळाला तर अर्धं काम झालं. बशीएवढी काशाची गोल चकती असेल, सुमारे १२ सेंटिमीटरची, सिंहाचं चित्र असलेली, तर ती मृतांच्या वारसांना दिलेली. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. अशा चकत्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका आधी उघडा.

गावात जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का पाहा. सातारा आणि रत्नागिरीकडे अशा पुष्कळ आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यावर नावं नसतात, पण तुमच्या घरची आठवण खरी आहे याचा तो पुरावा असतो.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. नावावरून शोधायला गेलात तर बहुधा निराशा पदरी पडेल, कारण सखाराम हे नाव तिथे ‘साका राम’ असंही असू शकतं आणि आडनाव अनेकदा नसतंच. पलटण आणि सैनिक क्रमांक यांवरून शोधा. पलटणीचं त्या काळचं नाव टाका. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या आणि नंबर बदलले: १०३ ची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. पहिल्या महायुद्धाच्या नोंदींत जुनेच नंबर आहेत. सापडलेल्या नोंदीत खाली बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असेल तर तोच खरा दाखला समजा. नुसतं नाव जुळलं म्हणून आपला माणूस मानू नका, एका पलटणीत चार गणपत शिंदे असतात.

तारखेची अट लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धासाठी कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. युद्ध संपल्यावर इस्पितळात किंवा परतीच्या वाटेवर मेलेलाही यात बसतो. ‘शिपाई १९१९ मध्ये वारला, म्हणजे युद्धात नाही’ असं समजून शोध सोडून देणारी घरं पुष्कळ आहेत.

इतर वाचकांसाठी दोन जागा. घरचा माणूस दुसऱ्या महायुद्धात देशातच, आघाडीपासून दूर मेला असेल तर अविभाजित हिंदुस्थानच्या अशा २५,००० हून अधिक लोकांची नावं दिल्लीच्या वॉर सिमेट्रीतल्या नोंदवहीत आहेत. फाळणीमुळे तसंच स्मारक कराचीतही आहे. कोकणातल्या खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये बघा. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक आणि दुसऱ्यातल्या ६,००० हून अधिक नाविकांचं स्मारक तिथे आहे, आणि मुंबईत राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. लाहोरच्या संग्रहालयातून बाहेर आलेल्या ३,२०,००० सैनिकांच्या नोंदींबद्दल अनेक जण विचारतात. त्या फक्त पंजाबच्या आहेत, त्यात वेळ घालवू नका.

खडकीच्या सिमेट्रीचा खर्च आपलं सरकार करतं का, असंही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. कमिशनचा खर्च सहा देश वाटून घेतात: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. वाटा ज्याच्या त्याच्या कबरींच्या संख्येवर ठरतो. ब्रिटनचा तीन चतुर्थांशाहून जास्त, भारताचा एका टक्क्याच्या आसपास.

पदकाच्या कडेवरचा नंबर मिळाला तर तो पलटणीच्या नावासकट कळवा. बसऱ्याच्या नोंदीत तो कुठे येतो हे पाहणं मग फार अवघड नाही.